परदेशात पेटंट घ्यायचंय? सुरुवात चेन्नईपासून

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांत हायड्रॉलिक सिलिंडर, व्हॉल्व्ह, कास्टिंगचं काम करणाऱ्या अनेकांचा माल परदेशी जातो. त्यांच्यापैकी कुणी काही नवीन काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जर्मनीत पेटंट कसं घ्यायचं?’ त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं: आजवर हे कुणाकुणाला दाखवलंय? परदेशातला हक्क बहुतेक वेळा तिकडच्या कचेरीत बुडत नाही. तो इथंच बुडतो, पहिला अर्ज करण्याआधी किंवा तो घाईत करताना.

साऱ्या जगाला चालेल असं पेटंट नसतं. ते देशागणिक घ्यावं लागतं. युरोपात नियम कडक आहे: अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठंही उघड झाली असेल, अगदी तुम्ही स्वतः केली असेल, तरी नावीन्य संपलं. प्रदर्शनातला स्टॉल, यूट्यूबवरचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर फिरलेला कॅटलॉग, कॉलेजात सादर झालेला प्रोजेक्ट रिपोर्ट, हे सगळं त्यात आलं. अमेरिका आणि जपान १२ महिन्यांची सवलत देतात, पण तिच्या भरवशावर राहू नका. गिऱ्हाईक युरोपातलं निघालं की ती कामाची नाही. ड्रॉइंग पाठवायचंच असेल तर आधी गोपनीयतेचा लेखी करार करा, मग ईमेल.

पहिला अर्ज भारतात करा. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी कर्नाटकात असल्यानं इथला अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातो; पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड, कागलचा मुंबईला. घर चंदगडला आणि कारखाना उद्यमबागेत असेल तर राहण्याच्या किंवा धंद्याच्या जागेवरून कार्यालय ठरवता येतं, पण एकदा ठरलेलं सहसा बदलत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना मूळ फी १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारी वाक्यं) बसतात. लहान उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर फॉर्म २८ सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडा.

बहुतेक जण आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकतात, म्हणजे तारीख मिळवण्यापुरता प्राथमिक अर्ज, आणि इथंच सर्वांत महाग चूक होते. समजा, सिलिंडरच्या रॉडवर नवीन सील बसवलंय. अर्जात ‘विशेष खाचेमुळे गळती कमी होते’ एवढंच लिहिलं तर हाती फक्त तारीख येते, तिच्यामागे माल काहीच नसतो. खाचेची खोली आणि रुंदी, कडेचा कोन, रॉड आणि ग्लँडमधला क्लिअरन्स, सीलचं मटेरियल, किती दाबापर्यंत चाचणी घेतली, हे सगळं लिहा. मापं एकच आकडा न देता ‘अमुक ते तमुक’ अशी द्या आणि त्यातलं सर्वांत चांगलं कुठलं तेही सांगा. खाच चौकोनी न करता गोल केली तर चालेल का? चालत असेल तर तेही चित्रासह आत घाला. परदेशात पहिल्या तारखेचा लाभ (म्हणजे तिकडचा अर्जही भारतातल्या पहिल्या अर्जाच्या तारखेचा धरला जाणं) मिळतो तो त्या कागदात खरोखर लिहिलेल्या गोष्टींपुरताच. दहाव्या महिन्यात अर्जात सीलला आधार देणारी बॅकअप रिंग जोडली तर तिला जुनी तारीख मिळत नाही. आणि तीच रिंग सहाव्या महिन्यात स्टॉलवर मांडली असेल तर युरोपात तिचं काम संपलं. म्हणून सुधारणा झाली की गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी नवा प्रोव्हिजनल टाका. हा खर्च पुढच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

यानंतर परवानगी. भारतात राहणाऱ्या माणसानं भारतात अर्ज केल्यावर सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात गुप्ततेचा आदेश आला नाही तर परदेशात अर्ज करायला मोकळीक. त्याआधी जायचं असेल, किंवा भारतात अर्जच न करता थेट बाहेर जायचं असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी लागते. साधारण २१ दिवसांत निर्णय येतो. मुलगा स्टुटगार्टला आणि वडील उद्यमबागेत, असं दोघांनी मिळून शोध लावला तरी वडील इथले रहिवासी, म्हणजे परवानगी हवीच. ती न घेता गेलात तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

भारतातल्या पहिल्या तारखेपासून बरोबर १२ महिन्यांत बाहेर पडायचं. प्रोव्हिजनलनंतरचा संपूर्ण तपशीलही याच मुदतीत भारतात द्यावा लागतो. देश एक-दोनच असतील तर तिथं थेट अर्ज स्वस्त पडतो. तीन-चार देश असतील, किंवा माल कुठं खपेल ते अजून ठरलं नसेल, तर पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र करायचा आंतरराष्ट्रीय अर्ज करा. पीसीटी पेटंट देत नाही, वेळ देते: अमेरिका आणि जपानसाठी पहिल्या तारखेपासून ३० महिने, युरोपीय पेटंट कार्यालयासाठी ३१. मधल्या काळात शोध अहवाल येतो, म्हणजे असं काही आधीच कुठं आहे का याच्या तपासणीचा अहवाल. तो नीट वाचा. त्यात तुमच्या मुख्य दाव्यासमोर ‘एक्स’ लागला असेल तर ते एकच जुनं दस्त दाव्याच्या आड येतंय. अशा वेळी दावा अरुंद करायचा की तो देशच सोडायचा, हे तिकडच्या वकिलाची फी भरण्याआधी ठरवा.

सगळे अर्जदार भारतात राहणारे भारतीय नागरिक असतील तर पीसीटीच्या आंतरराष्ट्रीय फीमध्ये ९० टक्के सूट मिळते. अर्जदारांत एक जरी कंपनी आली तरी ती जाते. पण केवळ या सवलतीसाठी मालकी कागदावर एकाची आणि प्रत्यक्षात दुसऱ्याची ठेवू नका; पुढे लायसन्स देताना ते निस्तरता येत नाही. हक्क कंपनीचा असेल तर हस्तांतरणाचा करार परदेशी अर्जाच्या तारखेआधी सही करून ठेवा.

आपल्या भागातली हमखास अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, भागीदारी पत्रात आडनाव आधी, जुन्या कागदांवर बेलगाम आणि २०१४ नंतरच्यांवर बेळगावी. पासपोर्टवरचं स्पेलिंग धरा आणि पहिल्या अर्जापासून शेवटपर्यंत तेच ठेवा. कन्नड किंवा मराठीत केलेल्या करारांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं वेळेत करून घ्या.

त्या त्या देशात अर्ज नेताना खर्चाचा मोठा वाटा भाषांतराचा आणि तिथल्या वकिलाचा. जपानला जपानी, चीनला चिनी मजकूर लागतो. युरोपीय कार्यालयात इंग्रजी चालते, पण युरोपबाहेरच्या अर्जदाराला तिथला प्रतिनिधी नेमावाच लागतो आणि तिसऱ्या वर्षापासून, पेटंट मिळालेलं नसतानाही, वार्षिक फी सुरू होते. अमेरिकेत तुम्हाला माहीत असलेलं जुनं तंत्रज्ञान स्वतःहून कळवावं लागतं. इतर देशांच्या तपासनिसांनी काढलेले संदर्भही त्यात आले. लपवलं तर मिळालेलं पेटंटही कोर्टात टिकत नाही.

ट्रेडमार्कचं त्या मानानं सोपं. बेळगावच्या कुंद्याचा (मिठाईचा) ब्रँड दुबई-लंडनला न्यायचा तर आधी भारतात अर्ज, मग माद्रिद पद्धतीनं, म्हणजे अनेक देशांसाठी एकाच अर्जानं, एमएम२ फॉर्म. भारत त्यात २०१३ पासून आहे. मूळ फी काळ्यापांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक, रंगीत असेल तर ९०३, शिवाय प्रत्येक देशाची वेगळी. पहिली पाच वर्षं सगळं भारतातल्या नोंदणीवर टांगलेलं असतं. इथली पडली की बाहेरचीही पडते. तेव्हा इथला अर्ज कमकुवत असेल तर घाई नको.

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन बेळगाव जिल्ह्यालाही लागू आहे, पण ते भारतापुरतं. परदेशात त्यासाठी अर्ज करणं एकट्या कारागिराच्या हातात नाही, ते काम नोंदणीधारक संस्थांचं. निपाणी-अथणीच्या कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं, स्वतःचा ट्रेडमार्क घ्यावा, आणि नक्षी खरोखर नवीन असेल तर डिझाइनचा अर्ज करावा. डिझाइन आणि ट्रेडमार्क या दोन्हींना पहिल्या तारखेचा लाभ घेऊन बाहेर जायची मुदत १२ नव्हे, ६ महिन्यांची आहे.