निलगिरीची वाफेची गाडी: सोलापुरातून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी तिकीट, आणि त्या तिकिटावर चढायचं स्टेशन मेट्टुपालयम. उटी नाही, कुन्नूर नाही, मेट्टुपालयम. रोजच्या गाडीला वाफेचं इंजिन मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात असतं. कुन्नूरला ते सुटतं आणि पुढे उटीपर्यंत डिझेल. बुकिंग करताना आपल्या डोक्यात नुसतं 'उटीची टॉय ट्रेन' असतं. खालून येणारी गाडी भरलेली दिसते, कुन्नूर-उटीला जागा दिसते, आणि आपण ती घेऊन टाकतो. मागच्या खेपेला माझं हेच झालं. आई-वडिलांना घेऊन हजारभर किलोमीटर गेलो आणि डिझेलमागे बसून परत आलो. वडिलांनी लहानपणी कुर्डुवाडी-पंढरपूर बार्शी लाईटने, म्हणजे त्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीने केलेलं, त्यांना वाफेचं इंजिन पुन्हा बघायचं होतं. तेवढ्यासाठीच तर निघालो होतो.

म्हणून आधी कोड लिहून ठेवा: एमटीपी ते यूएएम. एमटीपी म्हणजे मेट्टुपालयम, यूएएम म्हणजे उटी, रेल्वेच्या भाषेत उदगमंडलम. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा. गाडी चार-पाच छोट्या डब्यांची, वेटिंगच्या भरवशावर राहू नका. आणि पैसे भरण्याआधी चढायचं स्टेशन पुन्हा एकदा वाचा. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.

तारखा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपला पाऊस तोवर संपलेला असतो, पण तिकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि घाटात दरडी कोसळून गाडी बंद पडते, कधी कधी कितीतरी दिवस. मे महिन्यात तिकडे सगळा दक्षिण भारत लोटतो. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उरकला की निघा, जानेवारीअखेर ते मार्च. थंडी असते, पण आकाश मोकळं असतं.

जायला मुंबईहून येणारी कोइम्बतूर एक्सप्रेस सोलापूरवरून जाते, ती सगळ्यात सोपी. पण ती कोइम्बतूरला पोहोचेल त्याच सकाळी पुढची गाडी पकडू, असा हिशेब करू नका. टॉय ट्रेन मेट्टुपालयमहून सकाळी 7:10 ला सुटते आणि कोइम्बतूरपासून मेट्टुपालयम पस्तीसेक किलोमीटर आहे. आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपालयमलाच करा. "उटीला चांगलं हॉटेल मिळतंय, तिथेच राहू" असं घरात कुणीतरी म्हणणारच. ऐकू नका. उटीचं हॉटेल दुसऱ्या रात्रीसाठी. पहिली रात्र मेट्टुपालयम, तेही स्टेशनजवळ.

हा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटरवर आहे आणि कुन्नूर 1,700 च्या वर. बहुतेक चढण याच टप्प्यात येते. सुरुवातीला गाडी भवानी नदी ओलांडते, सुपारीच्या बागांतून सपाटीवर पळते आणि कल्लार सोडलं की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकतं आणि साडेबारा मीटरला एक मीटर असा चढ गाडी चढू लागते. इंजिन पुढे नसतं, मागे असतं, ढकलत असतं. सपाटीवर खालचे सिलिंडर साधी चाकं फिरवतात. चढ लागला की त्यांतून बाहेर पडणारी वाफ वरच्या सिलिंडरमध्ये जाते आणि दातेरी चाक फिरवते. एकच वाफ दोनदा राबते. तो आवाज बदलतो तेव्हा मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. एका बाजूला ओला कडा, दुसऱ्या बाजूला थेट खाली नदीची घळ, आणि डब्याच्या टोकाच्या सज्जावर ब्रेकवाला हातात झेंडा घेऊन उभा. हा मार्ग कुन्नूरपर्यंत 1899 मध्ये सुरू झाला, उटीपर्यंत 1908 मध्ये. बार्शी लाईट 1897 ची. म्हणजे दोघी एकाच काळातल्या, आणि आपली गेली. ही अजून रोज चढते, म्हणूनच ती अर्ध्यावरून पकडू नका.

इंजिनाचा आवाज हवा असेल तर मागचा डबा चांगला, दरी बघायची तर पुढचा. काजळी मागे जास्त येते. पांढरे कपडे नकोत. खिडकीतून डोकं काढून बघायचंच नाही: बोगदे 16 आहेत आणि भिंत अगदी हाताला लागेल एवढी जवळ येते. साधा चष्मा किंवा गॉगल घाला, डोळ्यात काजळीचा कण गेला की पुढचा तास वाया जातो.

डब्यात स्वच्छतागृह नसतं. वर पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगा आणि इंजिन पाणी घ्यायला थांबेल तिथे उतरवा. हिलग्रोव्हला ते थांबतं, चहाही मिळतो. माकडं तिथे खिडकीतून हात घालतात, त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिशवीत, पिशवी पायाशी, पिशवीची चेन बंद. प्लास्टिकच्या बाटल्यांना निलगिरी जिल्ह्यात बंदी आहे, स्टीलची बाटली घ्या. मोठी बॅग ठेवायला जागा नसते, माणशी एक लहान पिशवी. स्वेटर हवाच, नुसत्या चादरीवर उटीची रात्र निघत नाही.

बाकी नेहमीचंच. ओळखपत्र, औषधं, सुटे पैसे.

परतीचं: उटीहून दुपारची गाडी घेतलीत तर तिकीट खाली मेट्टुपालयमपर्यंतचं काढा, कुन्नूरपर्यंतचं नव्हे. उतरताना इंजिन फारसं ओढत नाही, गाडी धरून ठेवतं, वेळही कमी लागतो. आई-वडील दमले असतील तर बसने उतरा. सोलापूरच्या गाडीचं आरक्षण दुसऱ्या दिवसाचं ठेवा, त्याच संध्याकाळचं नको.