गोव्यात गुलाब कुठे लावावा आणि वेलगुलाबाला वळण कसं द्यावं

गोव्यात झाडं लावायची म्हणजे मृगाचा पाऊस पडल्यावर, ही आपल्या हाडात मुरलेली सवय. माड, पोफळ, आंबा, जास्वंद यांना ती मानवते. गुलाबाला नाही. जूनमध्ये लावलेलं नर्सरीचं कलम श्रावणापर्यंत काळं पडतं आणि दोष नर्सरीला लागतो. म्हार्दोळची जाई भर पावसात बहरते, कारण ती या हवेतली आहे. गुलाबाची पाळंमुळं पाण्यात राहिली की कुजतात, आणि इथे तर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहूनही जास्त. म्हणून पावसाळ्यात जागा फक्त पारखायची, लागवड दिवाळीनंतर.

पायरी १ : जुलैत पाणी बघा

चार दिवस सलग पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कुठे पाणी तुंबतं, कुठून वाहतं, ते बघून ठेवा. कौलारू घर असेल तर पावळीच्या धारा जमिनीत जिथे चर पाडतात, ती रेघ टाळायचीच. तिथे मातीचे शिंतोडे सतत पानांवर उडतात आणि काळ्या ठिपक्यांचा रोग त्यांच्याबरोबर वर चढतो. सोकपिटाच्या आसपासची जागा, न्हाणीघराचं साबणाचं पाणी जिथे मुरतं ती जागा, हीही सोडा.

पाऊस थांबल्यावर दोन फूट खोल खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. तासा-दोन तासांत जिरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी असेल तर खाली चिऱ्याचा कातळ आहे असं समजा. अशा ठिकाणी पिकाव घेऊन आणखी खोल जाण्यात काही अर्थ नाही. पाण्याला वाट मिळत नाही, नुसती टाकी तयार होते. त्यापेक्षा जमिनीवर चिऱ्याचे दोन थर रचून दीड फूट उंचीचा वाफा बांधा. खालच्या थरात मध्ये मध्ये फटी सोडा. डिचोली-सत्तरीच्या तांबड्या जमिनीत मला तरी हाच उपाय खात्रीचा वाटतो.

पायरी २ : ऊन डिसेंबरचं मोजा

इथे बहुतेकांची गफलत होते. मे महिन्यात अंगणभर ऊन असतं, म्हणून घराच्या उत्तर बाजूला भिंतीलगत गुलाब लावतात. पण मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा किंचित उत्तरेलाच असतो. गुलाबाचा आपल्याकडचा खरा हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो. नाताळच्या दिवसांत १२ फूट उंच भिंतीची सावली ऐन दुपारीसुद्धा उत्तरेकडे साडेनऊ-दहा फूट पडते. त्या पट्ट्यात कळ्या धरत नाहीत, नुसत्या काड्या लांबतात.

डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खुंटी ठोका. भिंतीपासून खुंटीपर्यंतच्या अंतराची जवळपास दुप्पट सावली डिसेंबरात पडेल. शेजाऱ्याच्या दुमजली घराचाही हिशेब याच मापाने करा.

गुलाबाला दिवसाला सहा तास ऊन लागतं, आणि त्यात सकाळचं असेल तर सोनंच. कारण दव. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास ओलं राहावं लागतं. पूर्वेचं ऊन लवकर आलं की पानं लवकर सुकतात. म्हणून पहिली पसंती पूर्वेला किंवा आग्नेयेला. घराची दक्षिण बाजूही चांगली. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये तापते आणि रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे लावायचंच असेल तर भिंतीपासून तीन-चार फूट दूर लावा.

पायरी ३ : शेजार तपासा

माडाच्या बुंध्यापासून सहा-सात फुटांच्या आत त्याच्या मुळांचं जाळं असतं. त्यात गुलाबाला घातलेलं खत माड खातो आणि वरून चुडतं (झावळ्या) पडतात ती वेगळीच. आंब्याखाली सावलीचा प्रश्न आहेच, शिवाय हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या). मोरजी-मांद्रे पट्ट्यात समुद्राकडून येणारा खारा वारा कोवळी पानं करपवतो. घराचा आडोसा घेऊन पूर्वेकडे लावा आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट होत असेल तर ते घालू नका.

नवं घर असेल तर भिंतीलगतची माती खणून बघा. गिलाव्याचा चुरा, सिमेंटचे गोळे तिथेच पुरलेले असतात. त्याने माती अल्कधर्मी होते, लोह मुळांना मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेवढी माती काढून टाका. आणि ये-जा करायच्या वाटेपासून, विशेषतः बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या सोप्याच्या) पायऱ्यांपासून, गुलाब तीन फूट तरी दूर ठेवा. काटे साडीला ओळखत नाहीत.

पायरी ४ : लावणी

दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाडसर वाळू, वर मूठभर नीमपेंड. कलमाची जोड, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगली जात जिथे बांधलेली असते ती गाठ, मातीच्या दोन इंच वर राहिली पाहिजे. जोडीखालून येणारे फुटवे रानगुलाबाचे असतात. दिसताच मुळापासून खेचून काढा, नाहीतर वर्षभरात कलम मरून रानगुलाब उरतो. मोठ्या फुलांच्या झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा, मिनिएचरला एक फूट पुरे. वेलगुलाबाला मात्र सात-आठ फूट मोकळी रुंदी हवी. उन्हाळ्यात बुंध्यापासून जरा दूर नारळाची सोडणं उलटी पसरली की ओल टिकते. पावसाआधी ती उचलायची.

पायरी ५ : वेलगुलाबाला वळण

वेलगुलाबाला तणावे नसतात, तो स्वतः काही धरत नाही. बांधावा लागतो. वळण देण्यामागचं गमक एकच: उभी वाढलेली फांदी शेंड्यालाच फुलते, कारण शेंड्याचा डोळा (कोंब फुटायची जागा) खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी केली की तो दाब सुटतो, जवळपास प्रत्येक डोळ्यातून कोंब वर येतो आणि त्या प्रत्येकाला फूल लागतं.

भिंतीवर जमिनीपासून दीड फुटावर पहिली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ओढा, मग दर फुटाला एक. तार भिंतीपासून तीन-चार इंच सुटी हवी, म्हणजे मागून वारा खेळतो. पावसात शेवाळणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला हे अंतर फार महत्त्वाचं. चिरा मऊ असतो, तेव्हा हुकाला लांब प्लग वापरा. रोप भिंतीपासून दीड फूट पुढे, पावळीच्या रेघेबाहेर लावा आणि भिंतीकडे तिरकं झुकवा.

चार-पाच जोमदार फांद्या निवडून पंख्यासारख्या पसरवा, टोकं आडवी न्या. फांदी हिरवी, लवचीक असतानाच वळते. जून झालेली मोडते. एका दिवसात जबरदस्ती करू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी खाली आणा. बांधायला सुंभ किंवा केळीच्या सोपाचा दोरा घ्या, उघडी तार नको. दोरा आठच्या आकड्यात फिरवा म्हणजे फांदी आणि तार घासत नाहीत.

भिंत नसेल तर बाल्कांवाचा खांब आहेच. तिथे फांद्या सरळ वर न नेता खांबाभोवती गुंडाळत न्या, नाहीतर सगळी फुलं छपरावर आणि खाली काड्या. गेटवर कमान करायची तर जीआय पाइपची करा. लाकडाला वाळवी लागते आणि पोफळीचे वासे फार वर्षं टिकत नाहीत. मासिकांत दिसणाऱ्या, वर्षातून एकदाच फुलणाऱ्या थंड देशांतल्या रॅम्बलर वेलगुलाबांच्या नादी लागू नका. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जाती मागा. 'दिल्ली व्हाईट पर्ल' किंवा 'प्रॉस्पेरिटी' मिळाली तर घ्या.

पहिली दोन वर्षं वेलगुलाबाच्या मुख्य फांद्या छाटू नका, फक्त वाळलेलं काढा. नंतर दर वर्षी पाऊस सरल्यावर आडव्या फांद्यांवरचे कोंब दोन-तीन डोळे ठेवून कापा. छाटणीपासून सहा-सात आठवड्यांत फूल येतं, म्हणजे नाताळला फुलं हवी असतील तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कात्री घ्या. मेअखेरीस सगळ्या गाठी तपासा. रुतलेल्या सैल करा, सैल झालेल्या आवळा. जुलैत पानं गळतील, ती खाली कुजू न देता झाडून टाका. फांदी हिरवी आहे तोवर झाड उपटायची घाई करू नका.