लहान रिव्हॉल्व्हर की कॉम्पॅक्ट पिस्तूल: घेण्याआधीची तयारी

सुरुवात परवान्याच्या कागदापासून करा. कोणत्या प्रकारचं हत्यार, कुठलं कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप), किती काडतुसं, कपड्याआड बाळगायची मुभा आहे का आणि कुठल्या जागी ते नेताच येत नाही, हे सगळं स्वतः वाचा आणि एका कागदावर उतरवून काढा. पुष्कळांची अर्धी निवड इथेच होऊन जाते. परवान्यात एकच कॅलिबर बसत असेल, तर ‘पॉइंट ३८ भारी की ९ एमएम’ या वादात आपला वेळ घालवायचं कारण उरत नाही.

दुसरं काम कपाटासमोर उभं राहून करायचं. आठवडाभर आपण काय घालतो, पट्टा लावतो का, खिसे किती खोल आहेत, दिवसातले किती तास बसून जातात, वाकावं किती लागतं? लहान रिव्हॉल्व्हर फक्त सिलिंडरपाशी, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागापाशी, जाड असतं, पाच गोळ्यांचं असेल तर साधारण ३३ मिलिमीटर. बाकी ते सगळं गोलसर, त्यामुळे खिशात ठेवल्यावर बाहेरून त्याचा आकार हत्यारासारखा दिसत नाही. कॉम्पॅक्ट पिस्तूल सगळीकडे सारखंच चपटं, बारीक मॉडेलांत जेमतेम २५ मिलिमीटर. पट्ट्याला, सदऱ्याच्या आत, ते अंगाला चिकटून बसतं. खिशात मात्र त्याचे कोपरे उठून दिसतात. म्हणून कमरेला लावणार असाल तर पारडं पिस्तुलाकडे झुकतं, आणि खिशातच ठेवणार असाल तर रिव्हॉल्व्हरकडे. खिशासाठी घोडा (चाप नव्हे, काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आत झाकलेलं मॉडेल पाहा. हत्यार बाहेर काढताना उघडा घोडा अस्तरात हमखास अडकतो.

आता हात. या यादीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘नवखा आहे ना, मग लहान रिव्हॉल्व्हर घे, सोपं असतं’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता मोजणं सोडून दिलंय. सोपं असतं ते सांभाळायला: सिलिंडर बाजूला काढला की गोळ्या आहेत की नाहीत हे डोळ्यांनी दिसतं, आणि आठवणीत ठेवायचे खटके कमी. नेम धरून झाडायला मात्र ते अवघडच. हिशेब साधा आहे. घोडा आत असलेल्या रिव्हॉल्व्हरचा चाप दाबायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि हत्यार स्वतः असतं सुमारे ४०० ग्रॅमचं. इतक्या हलक्या वस्तूवर इतका जोर, तोही चाप लांबवर ओढत, म्हणजे नळीचं तोंड हलणारच. त्यात नळी दोन इंचांहूनही थोडी आखूड आणि मागची साइट (नेम धरायची खूण) म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली नुसती खाच. वजन कमी म्हणून धक्का जास्त, आणि धक्का जास्त म्हणून सराव कमी. पहिल्या पाच-दहा गोळ्यांनंतर तळहात झोंबायला लागला की माणूस ‘आज पुरे’ म्हणतो. कॉम्पॅक्ट पिस्तुलाचा चाप साधारण अडीच किलोचा, ओढ छोटी आणि दोन्ही साइट्समधलं अंतर जास्त. तिथे हीच मंडळी पन्नास गोळ्या आनंदाने झाडतात.

तेव्हा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, दोन्ही हत्यारं मागून घ्या आणि सात मीटरवर साधा कोरा कागद लावा. आधी एकातून पाच, मग दुसऱ्यातून पाच, सावकाश. मग हेच पुन्हा, पण दर दीड-दोन सेकंदाला एक गोळी. शेवटी फक्त उजव्या हाताने आणि मग फक्त डाव्या. भोकं मोजा. दुकानात काउंटरवर हातात घेऊन ‘बसतंय हो मस्त’ म्हणणं आणि हे, यात फार अंतर आहे. पॉइंट ३५७ मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस चालणारं हलकं रिव्हॉल्व्हर कुणी पुढे केलं, तर त्यातही सौम्य पॉइंट ३८ स्पेशलच घालून बघा. ४०० ग्रॅमच्या हत्यारातून मॅग्नम झाडण्याची हौस एका गोळीत फिटते.

स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या मागे ओढायच्या वरच्या भागाची, परीक्षा वेगळी घ्या. ज्यांना ती ओढता येत नाही, त्यांच्यातले बरेच जण ती फक्त चिमटीत धरून ओढत असतात. हत्यार छातीजवळ घ्या, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. डाव्या मुठीत स्लाइड घट्ट धरा आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. तरीही जमलं नाही, तर मऊ स्प्रिंगची मॉडेलं मिळतात. स्मिथ अँड वेसनची ‘शील्ड ईझेड’ याच गरजेतून आली. इथे एक गफलत नेहमी होते. सांध्यांच्या दुखण्यामुळे स्लाइड ओढवत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलं जातं, आणि घरी आल्यावर कळतं की त्याच बोटाने पाच किलोचा चापही दाबवत नाही. दोन्ही तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

गोळ्यांच्या संख्येवर लोक तासन्‌तास बोलतात. मी दोन मिनिटं देतो. १९२७ सालच्या कोल्ट ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’मध्ये सहा गोळ्या, १९५० च्या स्मिथ अँड वेसन ‘चीफ्स स्पेशल’मध्ये पाच, आणि एवढ्या आकारात याहून जास्त काही मिळत नाही अशी समजूत बरीच वर्षं चालली. २०१८ मध्ये सिग सावरच्या पी-३६५ ने सुमारे ५०० ग्रॅमच्या पिस्तुलात दहा गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी) बसवलं आणि तो जुना हिशेब मोडला. पाच पुरतील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. पण पुन्हा भरायचं म्हटलं, तर रिव्हॉल्व्हरला स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) किंवा काडतुसांची रबरी पट्टी लागते आणि तिचा सराव वेगळा करावा लागतो. आखूड नळीच्या मॉडेलात रिकाम्या पुंगळ्या ढकलणारा दांडाही आखूड असतो. नळीचं तोंड वर करून तळहाताने एकच सणसणीत फटका मारला नाही तर एखादी पुंगळी आत लटकून राहते.

हत्यार अडलं तर काय करायचं, हे घेण्याआधीच ठरलेलं बरं. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात मॅगझिनवर खालून थाप मारून स्लाइड मागे ओढायची, आणि हे हाताला विचार न करता जमलं पाहिजे. पण रिव्हॉल्व्हर कधीच अडत नाही, ही निव्वळ दंतकथा. पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचले की सिलिंडर जड फिरतो. फार हलक्या हत्यारात धक्क्याने पुढच्या काडतुसाची गोळी पुंगळीतून सरकून बाहेर डोकावते आणि सिलिंडर जागच्या जागी जाम होतो. मग ते टेबलावर ठेवून दुरुस्त करण्याची गोष्ट. याउलट पिस्तूल समोरच्या वस्तूवर दाबलं गेलं तर स्लाइड किंचित मागे सरकून ते झाडलंच जात नाही. मनगट सैल राहिलं तरी अडतं. पकडही वेगळी लागते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या फटीतून तापलेला वायू बाजूला उडतो, तिथे पिस्तुलासारखा अंगठा पुढे ठेवला तर भाजतो. एक पट्ट्याला आणि एक खिशात, असा बेत असेल तर दोन्ही सवयी अंगी आहेत का ते बघा.

होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, हत्यारासोबतच घरी यायला हवं, महिनाभराने नाही. चापाची कडी पूर्ण झाकणारं, कडक, आणि हत्यार काढल्यावर तोंड न मिटणारं. ज्या खिशात हत्यार, त्या खिशात किल्ली नाही, नाणं नाही, रुमालसुद्धा नाही. परत ठेवताना घाई कसली? खाली बघून, बोट सरळ ठेवून, सावकाश. पिस्तुलाला हाताने लावायचा सेफ्टी खटका हवा की नको, हेही आताच ठरवा. हवा असेल तर प्रत्येक सरावात तो खाली करण्याची सवय लागली पाहिजे, नाहीतर ऐनवेळी बोट नुसतंच चाप दाबत राहतं.

घरातली जागा: कुलपाची पेटी, तिची किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी, आणि हत्यार रिकामं करायचा एकच ठरलेला कोपरा. पिस्तूल रोज रिकामं करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) चढवलं, तर गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते आणि दाब वाढतो. बाजूला दुसरं काडतूस उभं करून उंची ताडून पाहा. कमी भरली तर ते काडतूस बाद. कोऱ्या सरावासाठी, म्हणजे गोळी न झाडता चाप दाबण्याच्या सरावासाठी, नकली काडतुसं आणा आणि खरी काडतुसं त्या वेळी खोलीतच ठेवू नका. बाळगायच्या गोळ्यांची निदान एक पेटी त्याच हत्यारातून झाडून बघा. स्वस्त सरावाच्या गोळ्या न अडकता गेल्या म्हणजे पोकळ टोकाच्याही जातीलच असं नाही, विशेषतः पिस्तुलात.

आणि मग पहिला आठवडा रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये घालून घरातच वावरा. खुर्चीत बसा, बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा, जिना चढा-उतरा. कुठे टोचतं, कुठे सदरा वर सरकतो, मूठ कधी दिसते ते टिपून ठेवा. बहुतेकांना या आठवड्यात हत्यार बदलावं लागत नाही. जाड, ताठ पट्टा मात्र आणावा लागतो.