केस गळतायत? आधी मागचे तीन महिने आठवा, आणि या चुका टाळा

मागच्या वर्षी गणपती झाले आणि मला डेंग्यू झाला, आठ दिवस ताप, प्लेटलेट्स खाली, सलाईन, सगळं झालं आणि मी बरी होऊन कामाला पण लागले. डिसेंबरात केस गळायला सुरुवात. आणि गळणं म्हणजे थोडंथोडकं नाही, अंघोळ झाली की मोरीच्या जाळीवर अख्खा गुंता, उशीवर केस, कणिक मळताना परातीत केस, लेक म्हणायची आई तुझ्या पाठीवर बघ किती चिकटलेत. मी आधी शाम्पू बदलला, मग तेल बदललं, मग बोअरच्या पाण्यावर शंका आली म्हणून नळाला फिल्टर लावला, मग शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कांद्याचा रस. मार्चमध्ये गळणं आपोआप कमी झालं आणि मी दोन मैत्रिणींना छातीठोकपणे सांगितलं की कांद्याच्या रसानेच थांबलं, तुम्ही पण लावा. त्यातल्या एकीची टाळू सोलून निघाली. ते मला अजून लागतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले तर त्यांनी शाम्पू कुठला हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "गळायला लागायच्या तीन महिने आधी काय झालं होतं?"

गळायला लागल्यावर त्या आठवड्यातलं कारण शोधणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच येतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले बहुतेक वाढीच्या अवस्थेत आणि दहाएक टक्के विश्रांतीत. विश्रांती साधारण तीन महिन्यांची, मग तो केस गळतो आणि त्याच जागी नवीन येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं नॉर्मलच आहे. पण मोठा ताप आला, टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, नाहीतर लग्नाआधी वजन उतरवायला केलेला कडक डाएट, की शरीर एकदम खूप केसांना विश्रांतीत पाठवतं आणि ते सगळे दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे डिसेंबरातल्या गुंत्याचं कारण सप्टेंबरात असतं आणि आपण बिचाऱ्या नव्या शाम्पूला धरून बसतो.

गळलेला केस उजेडात धरून बघा, टोकाला पांढरा बारीक ठिपका दिसेल. ते बघून भल्याभल्यांच्या जीवाला घोर लागतो की केस मुळासकट गेला. तसं नाहीये, तो विश्रांती पूर्ण झालेल्या केसाचा गोळा आहे, केस जिथून उगवतो ती पिशवी टाळूच्या आतच असते. असं गळणं सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबतं, आणि नेमकं त्या काळात जे काही लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या कांद्याला मिळालं तसंच.

आता याला अपवाद पण सांगते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत मूठमूठ हातात यायला लागले होते, आठवत असेल. आधी पाण्यावर शंका, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. नंतर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. तर इतक्या झपाट्याने जात असतील, घरात दोघा-तिघांचे एकदम जात असतील, तर सहा महिने वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

मिनॉक्सिडिल दीड महिन्यात सोडणं

माझ्या धाकट्या भावाचा हा किस्सा. त्याचं गळणं माझ्यासारखं नव्हतं, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत होते आणि मागे भोवऱ्यावर विरळ, म्हणजे पुरुषांमधलं आनुवंशिक टक्कल. ते आपोआप थांबत नाही, औषधच लागतं. (आणि ते फक्त मामाकडून येतं हे अर्धसत्य आहे, आईकडचे जीन्स महत्त्वाचे असतात पण वडिलांकडचेही असतात, बाबांचं डोकं बघून निर्धास्त राहू नका तसं मामाचं बघून रडू पण नका.) डॉक्टरांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल दिलं, टाळूला लावायचं औषध. तिसऱ्या आठवड्यात केस आधीपेक्षा जास्त गळायला लागले, घाबरून त्याने दीड महिन्यातच बाटली कचऱ्यात टाकली.

खरं तर ते गळणं अपेक्षितच असतं. औषधाने नवीन केस वाढीला लागतात आणि जुने विश्रांतीतले केस जागा सोडतात, महिना-दोन महिन्यांत ते कमी होतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि केस तर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, मग पंधरा दिवसांत आरशात काय दिसणार. हे त्याला आधी कोणी सांगितलं असतं तर आठ महिने वाया गेले नसते. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा अजून एक चूक सापडली, तो औषध केसांवर शिंपडून हात फिरवायचा. ते टाळूवर लागलं पाहिजे, भांग पाडून, कोरड्या टाळूवर, सांगितलं तेवढंच. दुप्पट लावून दुप्पट केस येत नाहीत, मूळचं हे ब्लडप्रेशरचं औषध आहे, छाती धडधडली, चक्कर आली तर डॉक्टरांना सांगायचं. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरांना हे औषध विषासारखं आहे, लावलेल्या हाताने किंवा उशीवरून सुद्धा त्यांच्या अंगाला लागू देऊ नका.

आणि बंद केलं की काही महिन्यांत मिळवलेलं परत जातं. म्हणून लोक म्हणतात सवय लागते. सवय नाही हो, आनुवंशिक गळणं आत चालूच असतं, औषध फक्त त्याला धरून ठेवतं.

याच आनुवंशिक टकलावर देतात त्या फिनास्टेराइडच्या गोळीचं दोन टोकांचं बोललं जातं, कोणी म्हणतं पुरुषत्व जातं, कोणी मेडिकलमधून चॉकलेटसारखी आणतं. दोन्ही चूक. ती डीएचटी नावाचं हार्मोन कमी करते, बहुतेकांना त्रास होत नाही, पण थोड्या जणांना लैंगिक तक्रारी किंवा मन उदास होणं असं होतं, त्यामुळे डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची, आणि तसं काही जाणवलं तर लपवायचं नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तुटलेली गोळी हाताळू नये. प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण आकडा साधारण निम्मा दिसतो.

चाईवर लसूण घासणं

नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला की गावाकडे म्हणतात किड्याने खाल्लं, आणि लसूण घासतात. किडा वगैरे काही नसतो, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. लसणाने कातडी भाजते, बाकी काही नाही. लहान मुलाच्या डोक्यात असा गोल असेल आणि त्यात खवले, खाज, तुटके केस असतील तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो, त्याला पोटात घ्यायची औषधं लागतात. मेडिकलवाल्याने दिलेली मिक्स ट्यूब लावू नका, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि आजार दबून पसरतो.

तेलाबद्दल एवढंच, खोबरेल लावा, केस तुटायचे कमी होतात, पण टकलावर केस उगवत नाहीत. कोंडा असेल तर तेल चोपडून तो वाढतो. डोक्याचा गोटा केल्याने केस दाट येत नाहीत. हेल्मेटने टक्कल पडत नाही, कृपा करून घाला. पण रोज घट्ट ओढून बांधलेला अंबाडा किंवा पोनीटेल यांनी कानशिलावरचे केस खरंच जातात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर परत येत नाहीत. लेकीची वेणी सैल घाला.

बायोटिनच्या गोळ्या तर आता किराण्यासारख्या मिळतात. कमतरता नसेल तर उपयोग फारसा नाही, उलट थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, त्यामुळे रक्त देण्याआधी सांगा की या गोळ्या चालू आहेत. बायकांनी त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं, पाळीत जास्त जात असेल तर नक्कीच.

ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या, नवीन केस तयार होत नाहीत, डोक्याच्या मागचे काढून पुढे लावतात, आणि मागचा साठा मर्यादित असतो. पुढचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत, औषध चालूच ठेवावं लागतं. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि खरा रिझल्ट नऊ ते बारा महिन्यांनी दिसतो. भावाला एका क्लिनिकमध्ये पंचविसाव्या वर्षीच पॅकेज गळ्यात मारत होते, "आज बुक केलं तर डिस्काउंट". तो उठून आला ते बरं झालं. चिरा कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन, हे तोंडावर विचारा.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या सहा महिन्यांतली आजारपणं, सुरू-बंद केलेल्या गोळ्या कागदावर लिहून न्या. भांगाचा फोटो दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी काढलेला असेल तर फारच छान, मी लेकीकडून काढून घ्यायचे. आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नका, टाळू दिसली पाहिजे.