टाळ्यांवर न थांबणारं भाषण कसं बांधायचं

भाषण लिहायला शेवटच्या दोन मिनिटांपासून घ्या. सभेतून उठलेल्या माणसानं कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं जायचं आणि काय करायचं, हे एका वाक्यात मांडा. ते वाक्य जमत नसेल तर भाषणाची वेळ आलेली नाही. आधी कार्यकर्त्यांनी एकत्र बसून ते ठरवावं. ‘जागे व्हा’, ‘एकजूट दाखवा’ यांवर टाळ्या येतात, पण घरी गेल्यावर करण्यासारखं त्यात काही नसतं.

कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात करार, रस्त्यांचा दर्जा, खर्चाचा हिशेब असे किचकट मुद्दे होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे अभ्यासू नेते ते मांडतही होते. पण रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाला पोचलं ते एवढंच: टोल द्यायचा नाही. नाक्यावर गाडी थांबली की आपलं काम काय, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. लालबहादूर शास्त्रींनी अन्नटंचाईच्या काळात देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. हे आवाहन मनावर घेऊन अनेक घरांनी सोमवारी रात्री चूल पेटवली नाही. काम लहान होतं, ठरलेल्या वेळचं होतं आणि गरीब-श्रीमंत दोघांनाही जमणारं होतं. आवाहन निवडताना या तीन कसोट्या लावाव्यात.

आता एक उदाहरण हाताशी घेऊ. पंचगंगेकाठचं, २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाण्यात गेलेलं एखादं गाव धरा. पावसाळ्याआधी गावानं जनावरांच्या छावणीसह स्थलांतराचा आराखडा ग्रामसभेत मंजूर करावा, यासाठी सभा आहे. आवाहन असं लिहा: ‘१ मेला ध्वजवंदन झालं की घरी जायचं नाही. ग्रामसभेला बसायचं आणि जनावरांच्या छावणीच्या ठरावाला हात वर करायचा.’ ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते, हेही सांगा. ‘सगळ्यांनी या’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईलच. ‘शंभर माणसं लागतात, आपल्या गल्लीतून दहा हवीत’ म्हटलं की माणूस स्वतःला त्या दहांत मोजायला लागतो.

भाषण बारा मिनिटांचं ठेवा. उघड्या चौकात, माईकवर, थांबत थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे कागदावर बाराशे शब्द, त्याहून जास्त नकोत. पहिल्या दोन मिनिटांत लोकांच्या रोजच्या जगण्यातलं काही तरी समोर यायला हवं. पुराच्या गावात धरणातल्या विसर्गाचे क्युसेक सांगत बसू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ते सांगा. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ‘३९ आणि ४३ यांच्या मधल्या चार फुटांत तुमची म्हैस कुठं न्यायची, हे आज ठरलेलं आहे का?’ हा एक प्रश्न विचारा आणि पाच सेकंद गप्प राहा. गोठ्यात जनावरं असल्यामुळंच कित्येक घरं वेळेवर बाहेर पडत नाहीत, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते तुम्ही मोठ्यानं म्हणालात की सभा तुमची होते.

पुढची चार-पाच मिनिटं अडचण आणि तिचं कारण यांना द्या, पण कारण एकच घ्या. नदीतली अतिक्रमणं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, नुकसानभरपाई आणि छावणी असं सगळं एकाच भाषणात कोंबलं की लोक अलमट्टीवर वाद घालत घरी जातात आणि छावणी राहते बाजूला. भीती दाखवलीत तर लगेच वाट दाखवा. वाट नसलेल्या भीतीनं माणूस हातपाय गाळतो. ‘जे होईल ते होईल’ म्हणून उठून जातो.

वाट सांगायची ती तीन मिनिटांत. छावणीची जागा कोणती, चारा कुणी द्यायचा, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी कोण करणार, हे नावानिशी सांगा. नाव घेण्याआधी त्या माणसाचा होकार घेतलेला असावा.

लोकांना रागावून बोलणं ही फार मोठी चूक असते, आणि चांगले वक्तेही ती करतात. ‘तुम्हाला कशाचंच काही पडलेलं नाही, गेल्या सभेला वीस माणसंसुद्धा नव्हती’ असं म्हटलं की ऐकणारा मनात नोंद करतो: म्हणजे कुणीच जात नाही, मग मी तरी का जाऊ? त्याऐवजी जे येणार आहेत त्यांची नावं घ्या. अमुक गल्ली येतेय, तमुक बचत गट येतोय. हे खरं असलंच पाहिजे. गावात खोटं दुसऱ्या दिवशी दूध संस्थेच्या रांगेत उघडं पडतं.

पहिला हात फार मोलाचा असतो. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न जमलेल्या गावापुढंच ठेवला. रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. भूदान तिथून सुरू झालं. तुमच्या सभेतही ज्यांनी मनापासून ठरवलं आहे अशा चार-पाच जणांना आधीच सांगून ठेवा की आवाहन झालं की उभं राहायचं. ते एकाच कोपऱ्यात बसलेले नसावेत, आणि त्यांत निदान दोन बायका असाव्यात. नाही तर महिलांची बाजू शेवटपर्यंत गप्प राहते.

राजर्षी शाहूंचं नाव कोल्हापुरातल्या बहुतेक भाषणांत पहिल्या वाक्यात येतं आणि तिथंच संपतं. महाराजांबद्दल आदर असेल तर त्यांचं एखादं काम सांगा. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं त्यांनी संस्थानच्या नोकरीतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्यात आकडा होता आणि अंमलबजावणी होती. ‘आपल्या ठरावातही असाच आकडा आणि तारीख हवी’ असं म्हणून त्याला आजच्या कामाशी जोडा. ‘जगात भारी कोल्हापुरी’च्या आरोळीनं शिट्ट्या मिळतात, पण त्या गोंगाटात आवाहन ऐकूच जात नाही.

सभेची वेळ धारा आणि डेअरी पाहून ठरवा. संध्याकाळचं दूध घालून माणसं मोकळी होतात तेव्हा, म्हणजे रात्री आठला सुरुवात करा आणि साडेनऊला संपवा. दहानंतर ध्वनिक्षेपक बंदच ठेवावा लागतो. ध्वनिक्षेपक लावायला पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. आचारसंहिता लागू असेल तर निवडणूक यंत्रणेचीही घ्या. बहुतेक सभा सत्कारात मरतात. शाल, नारळ, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन यांत पाऊण तास गेला की मागची माणसं उठलेली असतात आणि मुख्य भाषण रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावं लागतं. हार घालायचेच असतील तर आवाहन आणि नोंदणी झाल्यावर घाला.

दोन कर्णे चौकाच्या दोन टोकांना समोरासमोर लावले की शब्द घुमतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळं पस्तीस मीटर लांबच्या कर्ण्यातला शब्द सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा कानावर येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. कोल्हापूरच्या बिंदू चौकासारख्या, एका बाजूला तुरुंगाची दगडी भिंत असलेल्या जागी तर हे फारच जाणवतं. कर्णे मंचाच्याच बाजूला, लोकांकडं तोंड करून, थोडे खाली झुकवून लावा. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते गेलं की ‘करायचं’ की ‘करायचं नाही’ हेच कळत नाही.

आवाहन संपताच माईक बंद करा. आभारप्रदर्शनही नको, कारण त्या दहा मिनिटांत मनातली ऊब निघून जाते. बाहेर पडायच्या वाटेवर, पन्नास माणसांमागं एक या हिशेबानं टेबलं मांडलेली असावीत. प्रत्येकावर चार पेनं, खाली टणक पुठ्ठा आणि वर चांगला उजेड हवा. कागदावर तीनच रकाने ठेवा: नाव, गल्ली, फोन. आधार क्रमांक, जन्मतारीख मागितली की रांग थांबते आणि लोक बिचकतात.

त्या यादीला दोन दिवसांच्या आत फोन झाले पाहिजेत. शक्यतो त्याच गल्लीतल्या माणसानं करावेत, आणि ‘तुमच्या शेजारचे अमुकही येतायत, त्यांच्याबरोबरच या’ असं सांगावं. ३० एप्रिलला संध्याकाळी दूध संस्थेच्या फळ्यावर वेळ लिहा. ग्रामसभेत ठराव झाला की त्याची प्रत ग्रामपंचायतीकडून मागून घ्या आणि तिचा फोटो यादीतल्या प्रत्येकाला पाठवा. ज्यांनी हात वर केला त्यांना आपल्या हातानं काय झालं हे दिसलं, तरच पुढच्या सभेला ते स्वतःहून येतील.