द्राक्षबागेवरची हवा मोजताना: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेत उभारलेल्या पाच मीटर उंचीच्या टॉवरवर मी दोन हंगाम काम केले. जमीन आणि हवा यांच्यात उष्णता, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांची अखंड देवाणघेवाण चालते. तिचा दर, म्हणजेच फ्लक्स, मोजणे हे आमचे काम होते. भौतिकशास्त्र किंवा कृषी हवामानशास्त्र शिकून या कामाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हा. माझे मत असे आहे की सॉफ्टवेअर शेवटी शिकावे. त्याआधी टॉवरखाली उभे राहून आजूबाजूला काय चालले आहे ते पाहावे आणि कच्चा डेटा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

मूळ कल्पना अवघड नाही. उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा लहानमोठ्या भोवऱ्यांनी सतत घुसळली जाते. यालाच संक्षोभ किंवा टर्ब्युलन्स म्हणतात. उभ्या दिशेतील वाऱ्याची अर्ध्या तासाची सरासरी जवळजवळ शून्य येते, परंतु वर जाणारी हवा दर वेळी थोडी अधिक उष्ण आणि खाली येणारी थोडी थंड असेल, तर हवा जागच्या जागी राहूनही उष्णता वर जात राहते. कोणत्याही क्षणाचे मूल्य म्हणजे सरासरी अधिक विचलन, ही मांडणी ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये केली. आपण उभ्या वाऱ्याचे विचलन आणि तापमानाचे विचलन यांचा गुणाकार करून त्याची सरासरी काढतो. ‘एडी कोव्हेरिअन्स’ या भारदस्त नावामागे एवढेच आहे. त्यासाठी लागणारा सोनिक ॲनेमोमीटर ध्वनिलहरींना समोरासमोरच्या सेन्सरमधील अंतर कापायला लागणाऱ्या वेळेवरून वाऱ्याचे तिन्ही घटक आणि तापमान सेकंदाला दहा किंवा वीस वेळा नोंदवतो.

दहाच्या वेगाने अर्ध्या तासात १८,००० ओळी जमतात. त्या स्प्रेडशीटमध्ये उघडून हे गणित एकदा तरी स्वतः करावे, असा माझा आग्रह आहे. समजा, एप्रिलच्या दुपारी हा सहविचलनाचा (कोव्हेरिअन्सचा) आकडा ०.२८ अंश-मीटर प्रति सेकंद आला. निफाडच्या उंचीवर ३५ अंशाला हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०७ किलो असते. तिने आणि हवेच्या १००५ या विशिष्ट उष्णतेने गुणले की दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट मिळतात. हा आकडा स्वतः काढलेला असला की पुढे सॉफ्टवेअरने ९०० दाखवले तर लगेच खटकते.

जागा निवडताना ढोबळ नियम असा की पिकाच्या वर जेवढ्या उंचीवर सेन्सर असेल, त्याच्या सुमारे शंभर पट अंतरापर्यंत वाऱ्याच्या दिशेला एकसारखे पीक असावे. मांडवाच्या तीन मीटर वर सेन्सर म्हणजे तीनशे मीटर बाग. एक एकर चौकोनी प्लॉटची बाजू साधारण ६४ मीटर भरते, त्यामुळे केवळ आपल्या शेतकऱ्याची बाग पुरत नाही. शेजाऱ्यांच्या बागा, मधला कांद्याचा तुकडा, शेततळे हे सारे मोजमापात येते. पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा आणि हिवाळ्यातील पूर्वेकडचा वारा एकाच टॉवरला दोन वेगळ्या शेतांची हवा आणून देऊ शकतात, म्हणून भोवतालचा नकाशा आणि दिशेनुसार वेगळा केलेला डेटा शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावेत.

उपकरणांची देखभाल थोडक्यात सांगतो. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी झाली की कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजणाऱ्या गॅस ॲनालायझरच्या काचेवर निळसर थर बसतो आणि सिग्नल हळूहळू खालावतो. फवारणीच्या तारखा बागायतदाराकडून आधीच मागून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी काच पुसावी.

आता मला सर्वाधिक शिकवणाऱ्या प्रसंगाकडे येतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि वेलीवर पान उरत नाही. त्याच आठवड्यातील आलेख मी घाईने तयार केला, तर भर दुपारी बाग कार्बन डायऑक्साइड जोमाने शोषत असल्याचे दिसले. बागायतदार काकांनी तो पाहून विचारले, “पानच नाही वेलीवर, मग शोषतंय कोण?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापर्यंत वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांनी १९८० मध्ये मांडलेली घनतेची दुरुस्ती मी केवळ एक सेटिंग म्हणून पाहिली होती.

खुल्या मार्गाचा, म्हणजे मोकळ्या हवेतच मोजणारा, ॲनालायझर वायूचे हवेतील प्रमाण मोजत नाही, दर घनमीटरमधील त्याचे रेणू मोजतो. तापून वर जाणारी हवा विरळ असल्याने तिच्यात सारेच वायू कमी भरतात, आणि थंड होऊन खाली येणारी हवा दाट असल्याने तिच्यात अधिक. परिणामी झाडाने काहीही न करता कार्बन डायऑक्साइड खाली जात असल्याचा भास होतो. वरच्याच ३०० वॅटचा हिशेब पुढे नेला तर घनमीटरमधील सुमारे १५.५ मिलिमोल कार्बन डायऑक्साइडसाठी ही दुरुस्ती दर चौरस मीटर, दर सेकंदाला जवळपास १४ मायक्रोमोल येते. हिरव्यागार पिकाच्या दुपारच्या शोषणाच्या तोडीचा हा आकडा आहे, आणि इथे तो निव्वळ उष्णतेमुळे निर्माण झाला होता. दुरुस्ती केल्यावर रेषा शून्याच्या किंचित वर गेली, म्हणजे माती श्वसन करत होती. तेव्हापासून कोणताही फ्लक्स पाहताना मी त्या दिवशी वेलीवर किती पान होते ते आधी वहीत पाहतो.

हिवाळ्यातील रात्रीची अडचण याच्या उलट आहे. निफाडचा पारा उतरला की बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, आणि धूर वर न जाता मांडवाच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. स्थिर थर म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा त्या धुराने स्पष्ट दाखवले. अशा वेळी भोवरे मावळतात आणि मातीतून निघालेला वायू सेन्सरपर्यंत न पोहोचता उताराने ओहोळाकडे सरकतो, त्यामुळे फ्लक्स खोटा लहान दिसतो. घर्षणवेग, म्हणजे हवेची घुसळण किती जोरात आहे हे दाखवणारा आकडा, ठरावीक मर्यादेखाली असलेले अर्धे तास म्हणूनच वगळले जातात. ही मर्यादा दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नये, आपल्या जागेच्या डेटावरून काढावी, आणि शेकोटीच्या रात्री वहीत वेळेसह नोंदवाव्यात, कारण त्या धुरातील कार्बन डायऑक्साइडही ॲनालायझर तितक्याच प्रामाणिकपणे मोजत असतो.