एअर पिस्तूल, एअर रायफल घेताय? आधी ग्रीप, ट्रिगर आणि पेलेटचं बघा

यूट्यूबवर पळत पळत दरवाज्याआडून लोखंडी प्लेटा पाडतात ती आयपीएससीवाली शूटिंग बघून बरीच पोरं विचारतात की आपल्याला सोलापुरात हे करता येईल का, कुठली गन घ्यायची, गोळी कुठली. सरळ सांगतो, तो खेळ जगभर मुख्यतः ९ एमएमवर चालतो आणि आपल्याकडं ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या माणसाला मिळत नाही, त्यामुळं तो नाद सध्या बाजूला ठेवा. आपल्याला जमण्यासारखं आणि ऑलिंपिकपर्यंत जाणारं आहे ते १० मीटर एअर पिस्तूल आणि एअर रायफल. कोल्हापूरच्या शूटरांकडं बघा, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. स्वप्नीलचं मेडल ५० मीटरचं आहे हे खरं, पण आपल्यासारख्यांची सुरुवात १० मीटरपासूनच होते.

लायसनचं आधी मिटवू. ४.५ एमएम बोअर (नळीचं आतलं माप) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर एअरगनला लायसन लागत नाही. मॅच पिस्तूल साधारण ५ ज्यूल आणि मॅच रायफल ८ ज्यूलच्या आसपास मारते म्हणजे आपण लिमिटच्या खूप खाली आहोत. तरी बिल आणि सिरीयल नंबरचा कागद केसमध्येच ठेवा. पुण्याला बालेवाडीत मॅचला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुणी केस उघडायला लावली तर बोलण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा.

आता पिस्तूल का रायफल. उंची, ताकद यावर लोक ठरवतात पण खरा फरक टार्गेटमध्ये आहे. पिस्तूलच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ ११.५ एमएमचं आहे, रायफलचं दहा म्हणजे फक्त अर्ध्या एमएमचा ठिपका. पेलेटची, म्हणजे एअरगनच्या गोळीची, कड लाइनला शिवली तरी मार्क मिळतात, म्हणजे पिस्तूलमध्ये पेलेटचा मध्य ८ एमएम चुकला तरी दहा, रायफलमध्ये अडीच एमएमच्या बाहेर गेला की नऊ. त्यात रायफलची क्वालिफिकेशन डेसिमलमध्ये मोजतात, पाव एमएमला ०.१ मार्क इकडंतिकडं होतो, पिस्तूलची मात्र पूर्ण आकड्यात. ह्या हिशोबावरच पैसे कुठं घालायचे ते ठरवा. रायफलवाल्यानं पेलेट आणि अंगात बसणारं जॅकेट यावर, पिस्तूलवाल्यानं ग्रीप आणि ट्रिगरवर. पिस्तूलवाला महागड्या पेलेटच्या मागं लागलाय आणि ग्रीप अजून हातात हलतीय, असं लै बघायला मिळतं.

कंपनीचं म्हणाल तर पिस्तूलमध्ये स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी, रायफलमध्ये फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ. यातली कुठलीही तुमच्यापेक्षा चांगलीच मारते, कारखान्यातून सोबत येणारं टेस्ट कार्ड बघा, पाच शॉट जवळजवळ एकाच भोकात असतात. म्हणून कुठली भारी यावर भांडण्यात अर्थ नाही, हातात कुठली बसते आणि सील-पार्ट कुणाकडं लवकर मिळतात ते बघा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मस्त असतो पण बॅटरी, सर्किट हे सगळं आलंच सोबत. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं आणि दुरुस्तीत मिनिटं गेली हे सगळ्यांनी बघितलंय. पहिलं पिस्तूल असेल तर मी मेकॅनिकल ट्रिगरच सांगेन, सोलापुरात बसून त्याचे स्क्रू तरी आपले आपण समजून घेता येतात. नवीन इम्पोर्टेड घ्यायचं तर बजेट लाखाच्या वरच धरा. आणि शाळेच्या पोराला ओपन साइट रायफलपासून सुरू करायचं असेल तर प्रेसिहोलसारखी इंडियन स्प्रिंगवाली चालेल, फक्त स्प्रिंगची गन पेलेट न घालता ट्रिगर ओढू नका, पिस्टन जाऊन आपटतो. होम मैदानावर गड्डा जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तसली मात्र प्रॅक्टिसला कुणी गळ्यात मारली तर घेऊ नका, नळीचा भरवसा नसतो.

सेकंडहँड घेत असाल तर आधी गनच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख वाचा. बनल्यापासून दहा वर्षं झाली की तो सिलेंडर मॅचला चालत नाही आणि स्वस्तात मिळणाऱ्या गनमध्ये बऱ्याचदा गोम तिथंच असते. मग २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेज चांगलंच खाली आलं असेल तर सील गेलंय, किंमत कमी करून मागा किंवा सोडून द्या. हवा भरायला हँडपंप लागतो, घाम निघतो पण चालतं, फक्त पंपाचा ओलावा आत जाऊ नये म्हणून मधेमधे थांबा आणि पंपाचा ड्रेन सोडत राहा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात भरलेला सिलेंडर गाडीत ठेवून नव्या पेठेत खरेदीला गेलात असं करू नका. ऊन लागलं की आतला प्रेशर वाढतो, आणि बंद गाडी किती तापते ते सोलापूरकराला सांगायला नको.

आता ग्रीप. लाकडी ग्रीप एस, एम, एल अशी येते, पण मापाची घेतली म्हणून बसत नाही, बसवावी लागते. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात वर घ्या, दोन श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. ती दर वेळी एकाच बाजूला पळत असेल तर मनगट वळवून सरळ करू नका, ग्रीप फिरवा. दर वेळी खाचेच्या वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रीपचा कोन बदला. तळहातात जिथं पोकळ लागतं तिथं एमसील लावा, ओलं असतानाच हातावर पातळ प्लास्टिक घेऊन दाबून धरा, वाळलं की पॉलिश पेपरनं घासा, परत धरून बघा, आणि हे दोन-तीन आठवडे चालूच राहतं, एका बसणीत होणारं काम नाही ते. तळहाताच्या खाली टेकणारी पाम शेल्फ घट्ट दाबून लावायची सवय पोरांना असते, ती सैल ठेवा, कागद सरकेल इतकी फट हवी नाहीतर दहा शॉटनंतर हात बधिर होतो. नियम पण लक्षात घ्या, ग्रीप मनगटाला आधार देणारी चालत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, आणि त्या हातात कडं-घड्याळ नको.

ट्रिगरला पिस्तूलमध्ये कमीत कमी ५०० ग्रॅम वजन लागतं, रायफलमध्ये अशी मर्यादा नाही. चेक करताना नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात, ते उचललं गेलं पाहिजे आणि शॉट सुटला नाही पाहिजे. किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं माप आणि एक वाकवलेली तार, घरच्या चेकिंगला एवढं बास. पण अगदी ५०० वर लावू नका, ५१५-५२० ठेवा, कारण मॅचनंतरही चेक होऊ शकतं आणि तिथं वजन कमी भरलं तर सगळी मेहनत पाण्यात. वजन दोन टप्प्यांत वाटलेलं असतं. पहिल्या टप्प्यात जास्त, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, ठेवलं आणि दुसऱ्यात उरलेलं, तर नवीन माणसाला भिंत, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होतो ती जागा, कुठंय ते बोटाला कळतं आणि तिथून पुढं थोडंच ढकलायचं राहतं. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा, आणि आधी कुठं होता ते वहीत लिहून ठेवा. सिअरची, म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड कमी करायचा स्क्रू असतो त्याच्याशी उगाच खेळू नका, क्लीन ब्रेकच्या नादात पकड इतकी कमी होते की लिव्हर बंद करतानाच शॉट सुटतो. ट्रिगर लावून झाला की रिकामं पिस्तूल कॉक करा, भिंतीकडं तोंड धरून हातानं थोडे धक्के द्या, सुटलं तर परत मागं फिरवा.

साइटचं थोडक्यात. मागची साइट तिकडंच सरकवायची जिकडं ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, न्यायचाय. पिस्तूलमध्ये ५९.५ एमएमच्या काळ्या गोलाच्या खाली पांढरी पट्टी सोडून धरा, काळ्यावर काळं ठेवलं की पुढची साइट हरवते. खाचेत दोन्ही बाजूला उजेडाची फट सुरुवातीला मोठीच ठेवा.

आता पेलेट. मॅचला चपट्या तोंडाचेच, कागदात भोक साफ गोल पडतं. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी ही नेहमीची नावं. पिस्तूलला हलके, आर-१० चा ०.४५ ग्रॅमचा येतो, रायफलला ०.५३ चा. डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि कुठलं माप तुमच्या नळीला आवडेल हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. मित्राच्या सेम मॉडेलला ४.४९ चालतं म्हणून तुम्ही आणाल आणि तुमची नळी त्याच्यावर पसरवेल. टेस्ट करायची तर गन व्हाइसमध्ये रबर लावून बांधा, व्हाइस नसेल तर वाळूच्या पिशव्या, आधी प्रत्येक नवीन डब्याचे दहा-पंधरा नुसते मारून टाका म्हणजे आधीच्या पेलेटचं शिसं नळीतून निघून जातं, मग दहा-दहाचे दोन ग्रुप, प्रत्येकाला नवीन कार्ड. पाचचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नका, नशिबानं पाच कुठंही जमतात. आवडला तर डब्यावरचा लॉट नंबर बघून तोच लॉट मॅचसाठी जास्त घेऊन ठेवा, दुसरा लॉट वेगळा मारू शकतो. पिस्तूलवाल्यांनी एवढं सगळं करायची गरज सुरुवातीला नाही, ६०० पैकी ५५० च्या वर स्कोर स्थिर होईपर्यंत कुठलाही बरा मॅच पेलेट एकच धरून ठेवा. दबलेल्या स्कर्टचे (पेलेटची मागची पातळ कड) आणि डब्यातून खाली पडलेले प्रॅक्टिसला पण नकोत. आणि पेलेट शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय भडंग-शेंगाचटणी खायला बसू नका.

घरी रेंज करायची तर गच्चीपेक्षा लांब खोली किंवा बंद पॅसेज बरा, गच्चीवर वारा आणि उजेड दोन्ही बदलतात शिवाय शेजारी. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत १० मीटर, मध्य जमिनीपासून १.४० मीटर, कार्डावर १५०० लक्सचा उजेड. पेलेट ट्रॅपच्या (पेलेट अडवणारी पेटी) मागं भिंतीपुढं जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून सैल लटकवा, चुकलेला पेलेट तिच्यात आदळून खाली पडतो, ताणून बांधली तर फाडून जातो. चष्मा सगळ्यांनी घालायचा, बघायला आलेल्यांनी पण. मॅचला ६० शॉट ७५ मिनिटांत असतात, घरी पण अधूनमधून तसं घड्याळ लावूनच मारा, म्हणजे ग्रीप चाळिसाव्या शॉटला कुठं टोचते ते आधीच कळेल आणि परत पॉलिश पेपर हातात घेता येईल.